वडिलांच्या नावासकट

“मुलगीच आगाऊ आहे हो. नाहीतर एवढ्या मुलांतून हिलाच बरा मेसेज आला?”

आमच्या शाळेत स्टाफरूम आणि कॉम्प्युटर रूम यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे चौथीच्या बाई डब्याचं झाकण काढता काढता बोलत होत्या, अलीकडे मी कीबोर्ड पुसत होते. दुसरीच्या बाई म्हणाल्या, “व्हिडिओत बघितलंत ना, हात कसे करते ते? मोठ्या बायकांसारखे.” मग कोणीतरी लोणचं पुढे केलं, आणि त्यात मोहरी जास्त झाली आहे का यावर बोलणं गेलं.

ती मुलगी आठ वर्षांची आहे. इयत्ता तिसरी. हात करायला तिला याच दोघींनी शिकवलं होतं, स्पर्धेच्या आधी आठवडाभर, मधल्या सुट्टीत, याच भिंतीपलीकडे. “‘सावधान’ म्हणताना हात वर, बाळा. अजून वर.” तेही मी ऐकलं होतं. मी सगळंच ऐकते. त्याचा आजवर कोणाला उपयोग झालेला नाही.

इथे मी कोणाचंच नाव लिहिणार नाही. मुलीचं नाही, शाळेचं नाही, माझंही नाही. नाव न लिहिण्याची अक्कल मला जरा उशिरा आली, पण आली.

शाळा वारज्यात आहे, सोसायट्यांच्या मधोमध, सेमी-इंग्लिश. मी कात्रजहून स्कूटरवर बायपासने येते. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा माझ्या खोलीत अकरा कॉम्प्युटर होते आणि त्यांतले सात चालू होते. आजही तेवढेच आहेत. मी स्वतः इंग्लिश मिडियमची. स्टाफरूममध्ये ही माझी सर्वांत मोठी ओळख. “या, इंग्लिश मिडियमच्या बाई. सांगा बघू, एकोणसत्तर म्हणजे किती?” मी मनातल्या मनात जुळवाजुळव करायचे, तोवर हसणं होऊन गेलेलं असायचं. त्यात दुष्टपणा नव्हता. हसून झालं की माझ्यापुढे चहा यायचा. पण तेव्हापासून मला सवय लागली. बोलायचं ते आधी मनात मराठीत नीट मांडायचं, क्रियापद जागेवर आहे ना बघायचं, आणि मग तोंड उघडायचं. तोवर विषय पुढे गेलेला असतो. लोकांना हा चांगला स्वभाव वाटतो. “पोरगी शांत आहे. सांगितलेलं करते.”

सांगितलेलं मी करते हे खरं आहे. आणखी एक खरं आहे. इंटरनेटवर मी कुठेही सापडत नाही. माझ्या प्रोफाइलवर झाडाच्या एका पानाचा फोटो आहे, आडनाव नाही, अकाउंट प्रायव्हेट, नंबर लपवलेला. कॉलेजात असताना एका माणसाने मला महिनाभर रोज मेसेज केले होते, तेव्हापासून. स्वतःला कुलूप कसं लावायचं हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

मुलांना मी फळ्यावर चार नियम लिहून द्यायचे. आपलं पूर्ण नाव सांगू नये. शाळा, पत्ता सांगू नये. फोटो पाठवू नये. काही विचित्र वाटलं तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावं. मुलं वहीत उतरवून घ्यायची, खाली लाल पेनाने रेघ मारायची. एकदा याच मुलीने हात वर केला होता.

“मॅडम, अनोळखी म्हणजे ज्याला आपण ओळखत नाही तो ना?”

“हो.”

“पण तो आपल्याला ओळखत असेल तर?”

मी म्हणाले, “तेव्हा आईला विचारायचं.” ती खाली बसली. पाहिजे तो खोडरबर दुकानात मिळाला नाही म्हणून दुसराच घेऊन यावं, तसा तिचा चेहरा होता.

मग संस्थेचं पत्र आलं. प्रत्येक शाळेने ऑनलाइन सुरक्षा सप्ताह साजरा करावा. मुख्याध्यापिकेला आमच्याकडे सगळे मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाईंनी मीटिंग घेतली. आमच्याकडे काहीही साजरं करायचं म्हणजे वक्तृत्व स्पर्धा. विषय ठरला, ‘मी आणि माझी ऑनलाइन सुरक्षा’. फक्त या वेळी काळाला धरून, भाषणाचे व्हिडिओ करायचे आणि शाळेच्या पेजवर टाकायचे. पेज सगळ्यांसाठी उघडं. ज्याला जास्त लाइक, त्याचा पहिला नंबर.

“परीक्षक नकोत?” तिसरीच्या वर्गशिक्षिकेने विचारलं.

“परीक्षक बोलवा, शाल-श्रीफळ द्या, दीड तास त्यांचं भाषण ऐका,” मोठ्या बाई म्हणाल्या. “लाइक बरे. बोलत नाहीत.”

सगळे हसले. व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं, टाकायचंही. मी वहीत लिहून घेतलं. मग मनात एक वाक्य तयार केलं, दोनदा तपासलं, आणि चक्क वेळेत म्हणाले, “मॅडम, मुलांचं नाव… म्हणजे पेजवर नाव नको का टाकायला?”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मग काय लिहायचं? ‘एक मुलगी’?”

पुन्हा सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं, गालांना ताण पडल्यासारखं झालं होतं.

तरी पहिल्या दिवशी मी थोडी चलाखी केली. मुलांची फक्त पहिली नावं टाकली, वर्ग नाही, आडनाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत पालकांच्या ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. पूर्ण नाव का नाही? नातेवाइकांना कळणार कसं? एकाच नावाच्या तीन मुली आहेत, लाइक भलतीलाच जातायत. एक वडील तर गेटवरच थांबले होते, हेल्मेट हातात.

“मॅडम, पोराचं नुसतं नाव टाकलंय तुम्ही.”

“हो, म्हणजे सुरक्षेच्या…”

“बिनबापाचा आहे का तो?”

दुपारपर्यंत मी आदल्या दिवशीच्या सगळ्या व्हिडिओंखालची ओळ बदलली. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी, शाळा. आपल्याकडे प्रमाणपत्रावर लिहितात तसं. कोणाच्या वडिलांचं नाव चुकू नये म्हणून हजेरीपट समोर घेऊन बसले होते. इतकं काळजीपूर्वक काम मी वर्षभरात केलं नव्हतं.

शिवाय मुलं स्वतःच सगळं सांगत होती. भाषणाची सुरुवात ठरलेली असते. आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग, माझे नाव अमुक अमुक, मी इयत्ता अमुकमध्ये शिकते, मी अमुक सोसायटीत राहते. हे एका दमात म्हणायचं, मग श्वास घ्यायचा, आणि मग सांगायचं की ऑनलाइन कोणालाही आपलं नाव, शाळा व पत्ता सांगू नये. बेचाळीस वेळा मी हे हेडफोन लावून ऐकलं. हसू आलं नाही, रागही आला नाही. आवाज नीट येतोय ना, एवढंच मी बघत होते.

त्या मुलीची पाळी दुसऱ्या दिवशी शेवटी शेवटी आली. तिचं घर वर्ध्याकडचं. वडील चाकणच्या बाजूला एका कारखान्यात, शिफ्टमध्ये. आई रक्ताचे नमुने घेते, एका लॅबमध्ये. पहिलीत आली तेव्हा ती ‘मी जेवण करून राहिली’ असं म्हणायची आणि वर्ग तिची नक्कल करायचा. तिसरीपर्यंत तिची भाषा धुऊन निघाली होती. “आता कशी शुद्ध बोलते,” असं वर्गशिक्षिका कौतुकाने सांगायच्या. भाषणात ती खरंच सुरेख बोलली. हात योग्य जागी वर गेले. आणि शेवटी तिने स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं, जे कागदावर नव्हतं.

“शाळेतून आल्यावर आई सहा वाजता येईपर्यंत मी घरी एकटीच असते. जुना फोन माझ्याजवळच असतो. तरीसुद्धा मी अनोळखी माणसाशी बोलत नाही.”

वर्गशिक्षिका माझ्या मागे उभ्या होत्या. “व्वा,” त्या म्हणाल्या. “हे काढू नका हं. किती खरं वाटतं.”

मी म्हणाले, “हो.”

ते वाक्य कापायला दोन मिनिटं लागली असती. मला कापता येतं. दारात अजून सहा मुलं रांगेत होती आणि खाली स्कूलबसचा हॉर्न वाजत होता. नंतर कापू असं मी ठरवलं. नंतर मी तो तसाच टाकला, नावासकट, वडिलांच्या नावासकट. विसरले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. विसरले नव्हते. टाकताना ते वाक्य मी पुन्हा ऐकलं होतं. वाटलं, बाईंनी ठेवा म्हटलंय, आता कुठे पुन्हा विचारत बसायचं.

तिला सर्वांत जास्त लाइक मिळाले. आईने आपल्या अकाउंटवरून व्हिडिओ पुढे पाठवला, वर्ध्याच्या सगळ्या गोतावळ्याने बघितला. सोमवारी परिपाठाच्या वेळी तिला करंडक मिळाला. दोन दिवस ती तो दप्तरात घालून शाळेत आणत होती. दप्तराची चेन लागायची नाही.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरचा तास संपला, मुलं बूट घालायला बाहेर पळाली, आणि ती खुर्ची आत सरकवत राहिली. सरकवून झाली तरी सरकवत राहिली.

“मॅडम, बाबांचे मित्र अनोळखी असतात का?”

“कोणते मित्र?”

“फोनवरचे. जुन्या फोनवर आईचं अकाउंट आहे ना, त्यात त्यांचे मेसेज येतात. त्यांना बाबांचं नाव माहितीये. माझी तुकडीपण माहितीये.”

“घरी आलेत कधी?”

“नाही. येणारेत. आई यायच्या आधी. सरप्राइज आहे, म्हणून आईबाबांना सांगायचं नाहीये.” ती पुन्हा खुर्ची सरकवू लागली. “तुम्हाला सांगायचं नाही असं काही नव्हतं.”

माझा चौथा नियम तिने पाळला होता. सबंध शाळेत तो नियम पाळणारी ती एकटीच होती, आणि विश्वासाचं मोठं माणूस म्हणून तिने मला निवडलं होतं.

मी तिच्या आईला फोन केला. ती लॅबमधून आधी घरी गेली, जुना फोन घेतला आणि शाळेत आली. जिन्यात उभं राहून तिने मेसेज वाचले, मीही शेजारून वाचले. आधी कौतुक. मग बाबांच्या नावाने सुरुवात, तुझे बाबा कसे आहेत, दुसऱ्या शिफ्टला आहेत का. मग करंडकाचा फोटो पाठव. तिने पाठवला होता. गणवेशात, दोन्ही हातांत करंडक, मागे घराचं दार, दारावर फ्लॅटचा नंबर. मग, आई सहालाच येते ना?

आईने फोन बंद केला आणि मुलीच्या गालावर चापट मारली. एकदाच. आवाज जिन्यात घुमला. मग ती स्वतःच पायरीवर बसली आणि मुलीचं डोकं मांडीत दाबून म्हणाली, “काऊन नाही सांगतलं मले? काऊन नाही सांगतलं?”

मला म्हणायचं होतं की तिची चूक नाही. मी वाक्य जुळवायला लागले. जुळेना, म्हणून पाणी आणून दिलं.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला.

“तिचा व्हिडिओ पेजवरून काढून टाका. आत्ता, माझ्यासमोर.”

“सगळेच काढू का, मॅडम?”

“तिचा. सगळे काढले तर लोक विचारतील का काढले.”

मी काढला. बाकीचे एक्केचाळीस तिथेच राहिले, आपापल्या वडिलांसकट.

“हे घरच्या फोनवर झालं, शाळेच्या वेळेबाहेर झालं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि एक लक्षात ठेवा, व्हिडिओ तुमच्या लॉगिनवरून गेलाय. मी तुमच्या काळजीने सांगते. तुम्ही अजून कायम नाही आहात.”

चहा चांगला होता. मी तो पूर्ण प्यायले, याची मला आज लाज वाटते.

त्या रविवारी घरी आईला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, “तू तर फक्त सांगितलेलं केलंस.” मला तेच ऐकायचं होतं. दोन दिवस मी ते वाक्य औषधासारखं घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याचा गुण येईना.

कारण तिसऱ्या दिवशी गेटवर मुलीची आई भेटली. ते दोघं नवरा-बायको पोलीस चौकीत जाऊन आले होते. अर्ज घेतला, पण त्या माणसाचं अकाउंट गायब झालं होतं. पोलिसांनी विचारलं, त्याला एवढी माहिती मिळाली कुठून ते दाखवा. तिने व्हिडिओची लिंक उघडली. काही उघडलं नाही.

“ह्यांनी तो व्हिडिओ पुरा पाहिलाच नव्हता,” ती म्हणाली. “शिफ्टमध्ये होते ना जी. आता म्हणतात पोरीनंच सगळं सांगितलं असंल. मी म्हणते व्हिडिओत होतं, तर म्हणतात दाखव.” मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “तिले गावी ठेवायचं म्हणतात, आजीपाशी. दाखल्याचा अर्ज दिला आज.”

शाळा सोडल्याचा दाखला. मोठ्या बाई सोमवारी सही करणार होत्या. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढची आठ किलोमीटरवर, आणि आजीला डोळ्यांनी नीट दिसत नाही, हे तिने मला सांगितलं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, “अरे बापरे.” त्या व्हिडिओची मूळ फाइल कॉम्प्युटर रूममधल्या शाळेच्या लॅपटॉपवर, ‘सुरक्षा सप्ताह’ नावाच्या फोल्डरमध्ये तशीच होती. तिला तेव्हाच वर नेऊन दाखवता आली असती. एक जिना चढायचा होता.

बक्षिसाचंही तसंच झालं. सूचनाफलकावरच्या यादीत पहिला क्रमांक आता दुसऱ्याच मुलाचा होता. कागद नवा, चार पिना नव्या. वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, “उगाच चर्चा नको म्हणून. तिच्याच भल्यासाठी.” करंडक परत मागितला नाही, हा मोठेपणा.

शनिवारी पालकसभा ठेवली. विषय, ‘मुलांच्या हातातला मोबाइल आणि पालकांची जबाबदारी’. प्रोजेक्टरवर दाखवायची पानं मी तयार केली. पहिल्याच पानावर मोठ्या बाईंनी सुचवलेलं वाक्य होतं, ‘मूल जबाबदार, तर मूल सुरक्षित’. त्याखाली इंटरनेटवरून घेतलेलं कुलपाचं चित्र. मी कोपऱ्यात लॅपटॉपजवळ बसले. पान बदला म्हटलं की बदलायचं.

हॉल भरला होता. ती आणि तिची आई तिसऱ्या ओळीत होत्या. मुलांना आणू नका असं सांगितलं होतं, पण तिला आता घरी एकटं ठेवायचं कसं, म्हणून आणलं होतं. वडील भिंतीला टेकून मागे उभे होते, कंपनीच्या शर्टात. झोप न झालेला माणूस.

मोठ्या बाई छान बोलतात. पंधरा मिनिटं त्या संस्कार, स्क्रीन आणि स्वयंपाकघरात फोन देऊन गप्प बसवलेली मुलं यांवर बोलल्या. आया हसल्या, एकमेकींना कोपरखळ्या मारल्या. मग त्या म्हणाल्या, “आपल्याच शाळेतल्या एका मुलीने, नाव मी घेणार नाही, अनोळखी माणसाला घरची सगळी माहिती दिली.”

नाव घ्यायची गरज नव्हती. साठ-सत्तर माना तिसऱ्या ओळीकडे वळल्या.

“मुलांना एवढं सांगतात शाळेत,” हेल्मेटवाले वडील कोणाला तरी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ऐकतील तर शपथ.”

मुलीची आई उभी राहिली. “माझ्या पोरीनं काय सांगतलं जी? एक फोटो पाठवला, ते चुकलं तिचं. बाकी सगळं त्या व्हिडिओतच होतं. बापाचं नाव, तुकडी, ती एकटी राहते ते.”

मागून कोणीतरी ‘सांगतलं’ हा शब्द हळूच तसाच म्हणून दाखवला. दोन-तीन जणी हसल्या.

“ताई, बसा ना,” मोठ्या बाई म्हणाल्या. “कोणता व्हिडिओ? शाळेच्या पेजवर तर असं काही नाही. असेल तर दाखवा, आम्ही पण बघू.”

हॉलमधल्या निम्म्या लोकांनी त्या व्हिडिओला लाइक केलं होतं. काहींनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. मी एकेक चेहरा बघितला. कोणी फोन बघत होतं, कोणी छताचा पंखा. त्यांच्या मुलांचे व्हिडिओ अजून पेजवर होते, आणि लाइक अजून येत होते.

आई उभीच राहिली. तिने मागे नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

“आपल्याला कोणाला दोष द्यायचा नाहीये,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरंच मायेचा होता, त्यामुळेच सगळं आणखी वाईट झालं. “उलट, मुलगी धीट आहे. आपल्याकडे परिपाठात मुलं चूक कबूल करतात ना, तसं. ये बाळा. इतर मुलांच्या पालकांना सांग, माझ्याकडून काय चुकलं. म्हणजे कोणी पुन्हा करणार नाही.”

ती आली. शिकवलेल्या मुलासारखी सरळ चालत आली. वर्गशिक्षिकेने सवयीने माइक तिच्या उंचीला खाली केला. तिने गणवेश घातला होता, शनिवार असून. केसांना दोन्हीकडे रिबिनी. माइकसमोर उभी राहून तिने हात कुठे ठेवायचे ते शोधलं आणि शेवटी मागे बांधले.

“मॅडम,” ती मोठ्या बाईंना हळूच म्हणाली, पण माइक चालू होता, “कुठून सुरू करू?”

“चुकीपासून,” मोठ्या बाई म्हणाल्या.

कोणीतरी हसलं.

मी उभी राहिले. वाक्य तयार नव्हतं. खुर्ची मागे पडली, सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि माझा आवाज इतका बारीक निघाला की पहिला शब्द मलाच ऐकू आला नाही. मग मी पुन्हा सुरू केलं.

“तिनं काही सांगितलं नाही. व्हिडिओ होता. शाळेच्या पेजवर होता आणि मी टाकला होता. तिचं नाव, वडिलांचं नाव, तुकडी, सगळं मी लिहिलं. ती घरी एकटी असते, ते वाक्य मी ऐकलं आणि तसंच ठेवलं. नंतर व्हिडिओ काढला तोही मीच. फाइल या लॅपटॉपवर आहे. ताई, दादा, आत्ता माझ्याबरोबर चौकीत चला, मी लिहून देते. तिला आधी खाली बसू द्या.”